कोऱ्या रुपयांची मोजणी

६ जानेवारी १९८६, सोमवार
आज सकाळी सात पन्नासला, वीज बोर्डाच्या बसमध्ये, मागून तिसऱ्या सीटवर माझं सगळं बदललं. मंजिरी मोडक मागे वळली आणि म्हणाली, "दिनेश, तू तर दिवाळीआधीच कॉलेज सोडलंस ना? मग रोज या बसमध्ये कशाला असतोस?"

उत्तर होतं, पण ते बसमध्ये देण्यासारखं नव्हतं. दोन महिने ऊर्जानगर ते चंद्रपूर आणि परत, हातात एकच वही. कुणाच्या लक्षात आलं नाही अशी माझी समजूत. म्हटलं, "लायब्ररीत जातो." ती म्हणाली, "लायब्ररी सोमवारी बंद असते."

अख्खी बस हसली. ड्रायव्हरसुद्धा.

उतरताना मात्र हळूच म्हणाली, "रिकामाच आहेस तर उद्या संध्याकाळी घरी ये. बाबांना एक सायकलवाला माणूस हवाय."

सायकलवाला माणूस. बरं.

७ जाने.
गेलो. मोडकसाहेब, मंजिरीचे वडील. टर्बाइनकडचे इंजिनिअर, पुण्याहून बदली होऊन आलेले. नाणी जमवतात. जुनी नाही, नवी. टाकसाळीतून आलेली, कोणी न वापरलेली. दर वर्षाचं एक, अल्बममध्ये, प्लास्टिकच्या खिशात. कडेला धरून दाखवतात, मधे बोट लागलं तर ओरडतात. मी लावलं. ओरडले.

काम असं. १६ मार्चला नागपूरला नाणेवाल्यांचा मेळावा आहे, तिथे त्यांना अहवाल वाचायचाय. "मला एकच आकडा हवा. चंद्रपूर आणि गडचिरोली मिळून संग्राहक दरवर्षी किती नवी नाणी विकत घेतात? अंदाज नको. दारोदार जाऊन मोजलेला." सायक्लोस्टाइल केलेले दोनशे फॉर्म दिले. सहा प्रश्न. एस.टी.चं भाडं ते देणार. अहवालावर माझं नाव येणार, आणि नागपूरच्या जीपमध्ये जागा. मंजिरी पण येणार आहे जीपमध्ये.

मी हो म्हटलं. जीपच्या आधीच म्हटलं असतं.

मोडकबाईंनी चहा दिला. "आडनाव काय म्हणालास?" "रामटेके." थोड्या वेळाने परत, "काय म्हणालास?" निघताना तिसऱ्यांदा. त्यांना ऐकू कमी येत नाही.

८ जाने.
बाबा ड्यूटीवरून आले, फॉर्मांचा गठ्ठा बघितला. "प्रॅक्टिकलच्या सरासंग भांडून कालेज सोडलं, अन् आता लोकाइची चिल्लर मोजून राह्यला."
माय : "मोजू द्या. घरी बसून भिंतीले लाथा त नाई मारून राह्यला."
मी एकदाच मारली होती. नोव्हेंबरात.

१२ जाने., रवि.
ऊर्जानगरचे पाच संग्राहक झाले. पाचही साहेब. चार जणांनी फॉर्म उद्या भरतो म्हटलं, एकाने भरला आणि "यंदा घेतलेली नवी नाणी" या रकान्यात लिहिलं : पुष्कळ.
पुष्कळ हा आकडा आहे काय? परत गेलो. म्हणाले, "वीस लिहून टाक." दाखवा म्हटलं तर किल्ली बायकोकडे, बायको माहेरी.

१८ जाने., चंद्रपूर
नाव मोठं असलेले डॉक्टर. पेशंट बसलेले, त्यांच्यासमोर मोठ्याने, "लिही, वर्षाला चाळीस!" दवाखान्याच्या मागेच घर. बाईंनी डबा आणून दिला. मोजली. सहा.
"अन् त्यातले दोन मी देवात ठेवले," बाई म्हणाल्या.
डॉक्टरांना सांगितलं, सहाच आहेत. ते म्हणाले, "चाळीस घ्यायचा विचार होता." विचार मोजायचे असतील तर माझेही मोजा. माझे चारशे होतील.

२५ जाने., कोरपना
उन्हात सायकल, मग ट्रकवर सायकल, मग परत सायकल. कापसाचा दलाल. पहिला प्रश्न त्यानेच मला विचारला.
"डाक्टरनं किती लिवले?"
"ते सांगता येत नाही."
"सांग ना बे. चाळीस लिवले ना? मंग माहे साठ लिव."
"पाहू द्या ना भाऊ एकदा."
"लाकरात हायेत."
"कोणत्या बँकेत?"
"तू इन्कमटॅक्सचा हायेस काय बे?"
सिमेंटची धूळ नाकातोंडात घेऊन परत आलो. मंजिरी (आता फक्त मं. लिहिणार, हात दुखतो) दारात होती. "किती झाले?" तिला साठ सांगितले. खोटे साठ. मला फार राग आला, त्या दलालाचा आणि माझा.

२ फेब्रु., सिंदेवाही
भातसंशोधनवाले एक अधिकारी. हे गृहस्थ फक्त शेतीचं चित्र असलेली नाणी घेतात. चिमट्याने काढून दाखवली, भिंग दिलं. "नीट बघा. ही लोंबी भाताची नाही. गव्हाची आहे." एवढे दुःखी झाले की मलाच वाईट वाटलं. "धानाच्या मुलखात राहतो हो मी."
वर्षाला किती? तीन. आणि तिन्ही दाखवली. आतापर्यंतचा एकमेव खरा माणूस, आणि त्याच्यासाठी अख्खा दिवस गेला. तीन!

९ फेब्रु., रवि., गडचिरोली
यादीत नाव असलेला एकच मास्तर होता, त्याची बदली झालीय. परतीची बस चारला. म्हणून धानोऱ्याच्या अंगाला आठवडी बाजार होता तिथपर्यंत गेलो, भजी खायला.

बांगड्यावाल्यापाशी बायकांची गर्दी. बांगड्यांसाठी नाही. त्याच्या पेटीत रुपये होते, नवे, चकचकीत. एकेक बाई एकेक रुपया उचलते, उन्हात धरते, दोन्ही बाजू बघते, परत ठेवते, दुसरा उचलते. मोडकसाहेबांसारखं. अगदी तस्संच, कडेला धरून!
"कितीले?" मी विचारलं.
"दीड रुपया."
"एका रुपयाचे दीड? काऊन?"
"कोरा हाये भाऊ. बँकेतून आणाले माह्या पायाचे तुकडे पडते."
माझं डोकं फिरलं. एका म्हाताऱ्या बाईला म्हटलं, बाई, त्याला दीड देऊ नका, माझ्याकडून घ्या रुपयाला रुपया. खिशातला काढून दिला. तिने पाहिला आणि माझ्याच तळहातावर परत ठेवला.
"हा नको. हा थकला."
"थकला म्हणजे?"
"किती हाताइतून गेला, पत्ता नाई. कोणी दारू घेतली असन, कोणी कोंबडा. पोरीच्या गळ्यात असा नाई चालत. ज्यानं अजून काईच नाई घेतलं, तो पाह्यजे."

मी खाली बसलो. खरंच बसलो, मातीत. मोडकसाहेबांनी मला हेच अर्धा तास समजावलं होतं आणि मला कळलं नव्हतं.

बस चुकली.

१० फेब्रु., कोसमटोला
म्हातारीचं नाव सोमीबाई मडावी. तिच्यासोबत गावात आलो. बाजारापासून सात किलोमीटर, जंगलातून. रात्री तिच्या भाच्याकडे राहिलो, लालसू त्याचं नाव, माझ्याच वयाचा. आज सकाळपासून अंगणात फॉर्म भरतोय.

पद्धत अशी : मोहफुलाच्या दिवसांत त्यांचा पंडुम असतो, सण. त्या सणाला प्रत्येक पोरीच्या माळेत त्या सालचा एक कोरा रुपया घालायचा. भोक नाही पाडत. कडेला डाग देऊन, म्हणजे झाळून, कडी लावतात. पोरगी लग्न होऊन जाईस्तोवर दर साली एक. सोमीबाईच्या तीन नाती आहेत, तिला दर साली तीन लागतात. साल वाचता येत नाही, पण आकड्यांची वळणं ओळखतात, मागच्या सालचा दिला तर परत देतात.

एका दहा वर्षांच्या पोरीची माळ मोजली. ७६ पासून ८५ पर्यंत. एक साल सुटलेलं नाही. मो.सां.च्या (मोडकसाहेबांच्या) अल्बममध्ये ७८ ची जागा रिकामी आहे, मी पाहिलीय.

फॉर्मवर प्रश्न पाचवा : उद्देश. लिहिलं, पोरीचा गळा. प्रश्न सहावा : पुढील वर्षी किती नवी नाणी घेणार? एकेक बाई येऊन सांगून गेली. कोणी एक, कोणी दोन. एकूण एक्केचाळीस. एका गावाचे! एकीनेही वाढवून नाही सांगितलं. असली गावं त्या बाजाराला पंधरा तरी येतात म्हणे.

मं.ला सांगायची घाई झालीय.

१५ फेब्रु.
मो.सां.ना फॉर्म दिले. चष्मा काढला, पुसला, घातला.
"हे काय? सोमीबाई मडावी. उद्देश, पोरीचा गळा?"
"रकाना तुमचाच आहे."
"दिनेश, दागिना म्हणजे संग्रह नव्हे. डाग देऊन कडी लावली की नाणं मेलं."
"त्या कोरंच घेतात. उन्हात बघून घेतात."
"संग्राहक म्हणजे ज्याला आपण काय घेतो ते समजतं."
"दलालाला समजतं? त्याने एक नाणं दाखवलं नाही. त्याचे साठ चालतात?"
"त्यांची सही आहे फॉर्मवर."
"हिचा अंगठा आहे!"
आवाज चढला. माझा. मग नको ते बोललो. म्हटलं, "तुमची अठ्ठ्याहत्तरची जागा रिकामी आहे, त्या पोरीची भरलेली आहे."
कान लाल झाले त्यांचे. लाल पेन्सिल काढून कोसमटोल्याचा गठ्ठा बाजूला केला. "अकरा संग्राहक. दोनशे चौदा नाणी. मंजिरी, हे उतरवून घे."
ती टेबलाशीच बसलेली. तिने उतरवून घेतलं. 

१७ फेब्रु.
बसमध्ये. होय, बसमध्ये. सोमवार असूनही.
मं. म्हणाली, "बाबांना अठ्ठ्याहत्तरचं फार लागलं." हसत होती काय? पाठमोरी होती, कळलं नाही. सबंध दिवस यातच गेला.

२ मार्च, रवि.
आजचा दिवस कुणावर येऊ नये.

लालसू आला. तीन गाड्या बदलून, कोसमटोल्याहून. फाटकावरच्या चौकीदाराला विचारलं, "रुपयावाले साहेब कुठी राह्यते?" चौकीदाराने नेऊन उभं केलं थेट मोडकांच्या दारात. रुपयावाले साहेब म्हटल्यावर अख्ख्या ऊर्जानगरात दुसरं कोण?
मला बोलावणं आलं. पोचलो तर लालसू ओट्यावर, मो.सा. दारात, मं. आणि बाई आत.
"हा म्हणतो मी याला एक्केचाळीस रुपये पुरवणार आहे," मो.सा.
लालसू माझ्याकडे बघून, "तुमीच लिवून घेतलं ना जी? पुढच्या साली किती पाह्यजे. सोमीबाईनं तीन सांगतले, तुमी तीन लिवले."
"अरे, तो प्रश्न होता."
"हो. मंग उत्तर देल्लं ना आमी."
सरकारी दिसणारा छापील कागद, त्यावर नाव, अंगठा, आणि किती पाहिजेत. दुसरा अर्थ होतो कसा? मूर्ख मी. प्रश्न सहावा लिहिणारे मो.सा., पण वाचून दाखवणारा मी.
त्यात बांगड्यावाल्याला कळलं की यांना साहेब रुपयाला रुपया देणार, त्याने यंदा यांच्यासाठी आणायचंच बंद केलं. "तुमच्या साहेबालेच मांगा" म्हणाला.
"कधी पाहिजेत?"
"सोळा तारखेच्या बाजाराले. त्या दिवशी कडीवाला येते. मंग तो थेट पंडुमनंतर."
सोळा. नागपूर.
मं.ने त्याला पाणी आणून दिलं आणि विचारलं, "नाही मिळाले तर?"
लालसू हसला. "काय होते जी. पोरी विचारतीन, हे साल कुठी गेलं म्हणून."
मी त्याला म्हटलं, आणतो. सगळ्यांसमोर म्हटलं. म्हणताना कुठून आणणार याचा पत्ता नव्हता.

५ मार्च
चंद्रपूरला बँकेत दोन तास रांगेत. खिडकीतला म्हणे, "नवे नाहीत. जुनेही नाहीत. चॉकलेट घेता काय?" त्याला वाटलं विनोद केला. मी काउंटरवर हात आपटला. शिपाई आला. बाहेर.

८ मार्च
मं. बसमध्ये स्वतः मागे येऊन बसली. माझ्या शेजारी नाही, पुढच्या सीटवर, पण वळून. म्हणाली, "बाबांना काल बँकेतून शंभर आलेत. दरवर्षी येतात. मॅनेजर ओळखीचे आहेत. भिंगाखाली बघून बारा ठेवलीत, बाकीची नापास."
"म्हणजे?"
"सोमवारी परत बँकेत."
अठ्ठ्याऐंशी कोरे रुपये, नापास. भिंगाखाली कुठेतरी केसाएवढा ओरखडा आहे म्हणून.

९ मार्च, रवि.
मो.सां.कडे ती नापास नाणी मागितली. नोटा देतो म्हटलं, रुपयाला रुपया. मायने धुण्याच्या साबणाच्या डब्यातून काढून दिल्या, का पाहिजेत ते विचारलंसुद्धा नाही.
मो.सा. : "डाग देण्यासाठी? नाही."
"परत देणारच आहात ना? तिथून निघाली की दारूच्या दुकानात जातील."
"ते नाण्याचं काम आहे, दिनेश. चलनात जाणं. कडी लावणं नव्हे."
मग म्हणाले, "अहवालावर तुझी सही व्हायचीय अजून. माहिती गोळा करणार, दिनेश रामटेके. तू बाहेर जाऊन बोलतोयस म्हणे, आकडा खोटा आहे." (बोललोय. डॉक्टरांच्या कंपाउंडरला.) "सही कर. मग बघू."
"म्हणजे सही केली तर देणार?"
"मी बघू म्हटलं." पण बँकेत पाठवायला काढलेला डबा उचलून कपाटावर ठेवला.
उठून आलो. सही गेली खड्ड्यात! एका गावाने एक्केचाळीस खरे सांगितले आणि ते शून्य? आणि वर माझी सही?

११ मार्च
मं.शी भांडण. कॉलेजच्या फाटकाशी, लोक बघत होते.
"कर ना सही. एवढं काय?"
"त्या बायका मोजल्या नाहीत त्याच्यात."
"त्यांना तुझ्या आकड्याचं काय करायचंय? त्यांना नाणी हवीत. आकडा तुलाच हवाय."
"खोटं आहे ते!"
"हो. मग? तुझं खरं ठेव जवळ आणि त्या पोरींना रविवारी सांग, साल नाही मिळालं, पण मी सही नाही केली."
मी काहीतरी फार वाईट बोललो. तुझ्या बापासारखीच आहेस असं. ती आत निघून गेली.
पायी निघालो ऊर्जानगरला. अर्ध्यात कळलं, ती बरोबर बोलली. आणखी संताप आला.

१४ मार्च, शुक्र.
संध्याकाळी पाचला गेलो. नोटा खिशात. कोणाशी भांडायचं नाही असं ठरवून.

अहवाल टेबलावर होता, मं.च्या अक्षरात. एकूण संग्राहक अकरा. वर्षाला नवी नाणी दोनशे चौदा. सिंदेवाहीच्या त्या माणसाचे तीन आहेत त्याच्यात, तेवढेच मला माहीत असलेले खरे. खाली माझं नाव आणि रिकामी रेघ.

सही केली. पूर्ण नाव, सुवाच्य. 

मो.सा. उठले. कपाटावरून डबा काढला, एकेक नाणं कडेला धरून एक्केचाळीस वेगळी केली, नाण्यांमध्ये कागद घालून गुंडाळली. एवढी काळजी! दोन दिवसांनी त्यांना डाग बसणार हे माहीत असून. त्या क्षणी मला त्यांचा राग करता आला नाही. तोही माझ्याकडून काढून घेतला.

"रविवारी सकाळी सहाला जीप," म्हणाले.
"मी नाही येणार. बाजार आहे."
"अहवाल वाचताना माहिती गोळा करणारा लागतो. प्रश्न विचारतात लोक."
"तुम्ही सांगा. तुम्हाला समजतं."
त्यांनी चष्मा काढला. मी पुडकं उचललं. हाताला वाटलं त्यापेक्षा जड.

मं. आतून आली. मंगळवारनंतर पहिल्यांदा समोर. टेबलावरचा कागद बघितला.
"केलीस सही?"
"तूच म्हणालीस."
"मी म्हणाले म्हणून केलीस?"
"नाही. त्या पोरींसाठी."
"मग माझ्यावर का चिडलायस?"
आता याला काय म्हणायचं! केली तरी मीच चुकलो, नाही केली तरी मीच. म्हटलं, "चिडलो नाही." ओरडून म्हटलं.
ती कागद हातात धरून उभी. शाई ओली होती, त्यावर फुंकर घालत होती. मग एकदम, मान वर न करता, "बाजारापासून कोसमटोल्याला किती चालावं लागतं?"
"सात किलोमीटर."
"चप्पल चालते की बूट लागतात?"
मो.सां.नी तिच्याकडे बघितलं. आतून बाईंचा आवाज, "मंजिरी, आत ये."
ती आत गेली नाही. बाहेरही आली नाही. तिथेच. कागद हातात.
"बूट," मी म्हटलं. बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.